बॉलपार्क सहलीचा शेवटचा सामना आणि पाऊस: तिकिटापासून परतीपर्यंतची तयारी

बेसबॉलची पाच-सहा मैदाने गाडीने एका दमात पाहून येण्याची सहल आखताना आपण नकाशा, तिकिटे आणि हॉटेले यांचा हिशेब बारकाईने करतो, पण पावसासाठी त्या हिशेबात जागाच ठेवत नाही. सहलीच्या मध्यावर पाऊस आला तर फारसे बिघडत नाही, कारण एखादा दिवस पुढेमागे करता येतो किंवा ते मैदान पुढच्या वर्षावर ढकलता येते. शेवटच्या दिवशी मात्र पुढे दिवसच उरलेला नसतो. सुट्टी संपलेली असते, मुले दमलेली असतात आणि दुसऱ्या दिवशी सहा तास गाडी हाकायची असते. म्हणून शेवटच्या सामन्याची निवड पाऊस येणारच असे धरून करावी, आणि ती तिकीट काढण्याच्या आधीच करावी, एवढेच माझे सांगणे आहे. पुढचा सारा तपशील त्यासाठी आहे.

उदाहरणासाठी आमचाच मार्ग घेतो. बोस्टनचे फेनवे पार्क, न्यूयॉर्कचे यांकी स्टेडियम, फिलाडेल्फियाचे सिटिझन्स बँक पार्क, बाल्टिमोरचे कॅम्डन यार्ड्स, वॉशिंग्टनचे नॅशनल्स पार्क आणि शेवटी पिट्सबर्गचे पीएनसी पार्क, असा तो आहे. बोस्टनपासून वॉशिंग्टनपर्यंतची अंतरे माफक आहेत. बोस्टन ते न्यूयॉर्क सुमारे २१५ मैल, तर बाल्टिमोर ते वॉशिंग्टन जेमतेम ४० मैल पडते. वॉशिंग्टनहून पिट्सबर्ग मात्र अडीचशे मैलांच्या आसपास आहे आणि तो रस्ता डोंगरांतून जातो. १९१२ साली उघडलेले फेनवे आधी पाहून २००१ सालचे पीएनसी पार्क शेवटी ठेवण्यात गंमत आहे, कारण जुन्या मैदानांची जवळीक नव्या बांधणीत कशी आणली गेली ते तिथे डोळ्यांना दिसते. होम प्लेटमागच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेमागच्या, वरच्या मजल्यावर बसले की समोर ॲलेघेनी नदी, तिच्यावरचा पिवळा रॉबर्टो क्लेमेंटे पूल आणि पलीकडे शहराच्या उंच इमारती असा देखावा असतो. मात्र हे मैदान संपूर्ण उघडे आहे. पावसाची चिंताच नको असेल तर मिलवॉकी, टोरांटो, ह्यूस्टन, सिॲटल, फिनिक्स, मायामी किंवा आर्लिंग्टन यांपैकी एखाद्या ठिकाणी सहल संपवावी, कारण तिथल्या मैदानांना सरकते छत आहे. आम्हाला ते पटत नाही, पण सोबत वृद्ध आईवडील असतील तर त्या पर्यायात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

शेवटचा सामना कोणाशी आहे, ते आधी पाहावे

पाऊस आल्यावर सामना पुढे ढकलायचा की रात्री अकरापर्यंत वाट पाहायची, हा निर्णय आकाशाइतकाच वेळापत्रकावर अवलंबून असतो, आणि नवख्या प्रेक्षकाला हे बहुधा ठाऊक नसते. बेसबॉलमध्ये पाहुणा संघ एका शहरात येतो तो साधारणपणे तीन किंवा चार सामन्यांची मालिका खेळण्यासाठी. २०२३ पासून मेजर लीगचे, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेचे, वेळापत्रक असे बदलले आहे की प्रत्येक संघ एका हंगामात उरलेल्या २९ही संघांशी खेळतो. त्यामुळे स्वतःच्या गटातील चार प्रतिस्पर्ध्यांशी १३-१३ सामने होतात आणि ते संघ एकाच मैदानावर हंगामात दोनदा येतात. बाकीचे बहुतेक संघ एकदाच येतात, आणि स्पर्धेच्या दोन लीगांपैकी (विभागांपैकी) दुसऱ्या लीगमधले बरेचसे तर एक वर्षाआड येतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा. पाहुणा संघ गटातला असेल आणि मालिकेचा पहिला दिवस असेल, तर जोराच्या पावसात यजमान क्लब फार ताणून धरत नाही. सामना पुढे ढकलला जातो आणि बहुधा दुसऱ्याच दिवशी दोन सामने लागोपाठ खेळवून भरून काढला जातो. पाहुणा संघ पुन्हा येणार नसेल आणि मालिकेचा शेवटचा दिवस असेल, तर मात्र सामना कसाबसा त्याच दिवशी उरकण्याकडे सगळ्यांचा कल असतो, कारण दुसरी तारीख शोधायची म्हणजे दोन्ही संघांच्या विश्रांतीचा एखादा दिवस बळी द्यावा लागतो. अशा दिवशी दोन-अडीच तास खोळंबा होऊनही खेळ पुढे चालू होण्याची शक्यता बरीच असते.

त्यामुळे आपल्यापुढे दोन मार्ग उरतात. पिट्सबर्गला दोन रात्री राहणे शक्य असेल तर मालिकेचा पहिला किंवा दुसरा सामना घ्यावा. पाण्यामुळे तो गेला तरी दुसऱ्या दिवशी भरपाई मिळण्याची आशा राहते. एकच रात्र हातात असेल तर पुन्हा न येणाऱ्या संघाशी होणारा मालिकेचा शेवटचा सामना निवडावा आणि रात्र लांबेल अशी मनाची तयारी ठेवावी. मी स्वतः पहिला मार्ग धरतो. सहलीतील एक मैदान कमी करावे लागले तरी चालेल, पण शेवटच्या शहरात एक दिवस शिलकीत असावा. सामना वेळेवर झालाच, तर तो शिलकीचा दिवस काही वाया जात नाही. पिट्सबर्गच्या पूर्वेला पेन हिल्स भागात १९७०च्या दशकात उभे राहिलेले श्री वेंकटेश्वर मंदिर आहे. अमेरिकेतील जुन्या हिंदू मंदिरांपैकी ते एक असल्यामुळे आपल्याकडची अनेक कुटुंबे एरवीही तिथवर गाडीने जातातच. मुलांसाठी डुकेन इन्क्लाइन ही डोंगरउतारावरून रुळांवर चढणारी डब्याची गाडी आहे. ती १८७७ पासून आहे, आणि पाऊस थांबल्यानंतरच्या स्वच्छ हवेत वरून तीन नद्यांचा संगम फार सुरेख दिसतो.

तिकीट

‘रेन चेक’ हा इंग्रजीतला नित्याचा शब्दप्रयोग मुळात बेसबॉलच्या तिकिटांतून आलेला आहे. पावसाने सामना बुडाला तर तिकिटाचा अर्धा तुकडा दाखवून पुढच्या सामन्याला प्रवेश मिळण्याची ही सोय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची. आता कागदी तुकडा गेला आणि तिकीट फोनमध्ये आले, पण तत्त्व तेच राहिले. सामना पुढे ढकलला तर तेच तिकीट नव्या तारखेला चालते, रोख पैसे परत मिळण्याची अपेक्षा धरू नये. स्थानिक माणसाला ही व्यवस्था उत्तम आहे. आपण चारशे मैलांवर राहत असू आणि नवी तारीख सप्टेंबरातल्या एखाद्या मंगळवारी पडली, तर आपल्यासाठी ती निरुपयोगी ठरते.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. पहिली, शेवटच्या सामन्याचे तिकीट शक्यतो क्लबकडूनच घ्यावे. त्यामुळे सामना पुढे गेल्यास बदलून मिळेल का, अशी विचारणा करण्यासाठी निदान एक खिडकी असते. दुसऱ्याने विकायला काढलेले तिकीट पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावरून घेतले असेल, तर सामना ‘रद्द’ झाल्यास पैसे परत मिळतात आणि ‘पुढे ढकलला’ गेल्यास सहसा मिळत नाहीत. बेसबॉलमध्ये पावसाने होते ते बहुतेक वेळा दुसरे. दुसरी गोष्ट, सर्वांत महाग तिकीट शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवण्याचा मोह टाळावा. ती चैन बोस्टन किंवा न्यूयॉर्कला करावी. तिसरी गोष्ट, दुसऱ्या दिवशी दोन सामने ठेवले गेले तर ते कोणत्या प्रकारचे आहेत ते पाहावे. एकाच तिकिटावर लागोपाठ दोन्ही सामने पाहता येतात हा झाला जुना प्रकार. दुपार आणि रात्र असे वेगळे करून, मधे मैदान रिकामे करून, दोन वेगळी तिकिटे लावतात हा दुसरा. आपले जुने तिकीट यांतल्या कोणत्या सामन्याला चालेल, हे क्लबच्या घोषणेत स्पष्ट दिलेले असते आणि ते नीट वाचावे लागते.

वळीव की झड, हे ओळखावे

हवामानाच्या ॲपवर ‘सात वाजता ६० टक्के’ असे दिसले की आपण निराश होतो. तो आकडा इतकेच सांगतो की त्या वेळात त्या ठिकाणी मोजता येईल इतका पाऊस पडण्याची शक्यता ६० टक्के आहे. तो दहा मिनिटे पडेल की चार तास, याविषयी त्यात काहीच नसते, आणि आपल्याला नेमके तेच हवे असते. त्यासाठी राष्ट्रीय हवामान सेवेचे रडार पाहावे. चित्रात लाल-पिवळी अरुंद पट्टी पश्चिमेकडून सरकत येताना दिसली तर तो वळीव समजावा. तो येईल, गडगडाट करून झोडपेल आणि पट्टी पुढे सरकली की उघडेल. सगळा पडदा फिक्या हिरव्या रंगाने भरलेला असेल आणि त्याला पश्चिमेकडे कडाच दिसत नसेल, तर ती झड असते. झडीत पाऊस जोराचा नसतो, पण तो उघडतही नाही. वळवात थांबून राहावे आणि झडीत लवकर निर्णय घ्यावा. जून ते ऑगस्टमध्ये या पट्ट्यात संध्याकाळी वळीवच जास्त येतो, तर एप्रिलमधला पाऊस गार, बारीक आणि चिवट असतो.

हे मी रडारवरून शिकलो नाही. आमच्या पहिल्या सहलीत साताऱ्याहून आलेले माझे सासरे बरोबर होते. चौथ्या इनिंगमध्ये, म्हणजे दोन्ही संघांच्या चौथ्या पाळीत, विजा चमकल्या, खेळ थांबला, ताडपत्री पसरली गेली आणि फोनवर दिसणाऱ्या ७० टक्क्यांना घाबरून मी सगळ्यांना उठवले. सासरे जिन्याच्या तोंडाशी थबकले, नदीपलीकडच्या इमारतींवरून सरकणाऱ्या ढगाच्या कडेकडे बोट दाखवले आणि म्हणाले, “जावईबापू, हा वळवाचा आहे. तासाभरात उघडेल.” मी ऐकले नाही. हॉटेलात ओले मोजे काढत असताना टीव्हीवर पिचर (चेंडू टाकणारा) पुन्हा माउंडवर, त्याच्या उंचवट्यावर, उभा राहिलेला दिसला. सासरे काही बोलले नाहीत, फक्त आवाज थोडा वाढवायला सांगितला.

बरोबर काय न्यावे

छत्री नेऊ नये. काही मैदाने ती आत नेऊ देतात, पण बसल्या जागी उघडली तर मागच्या चार रांगांना खेळ दिसत नाही आणि योग्य तेच शब्द ऐकून घ्यावे लागतात. डोक्यावरून घालायचा प्लॅस्टिकचा पोंचो सर्वांत सोयीचा. कोकणातल्या इरल्याची ही धाकटी बहीणच म्हणावी, कारण माणूस, मांडीवरची पिशवी आणि खुर्चीचा निम्मा भाग तिच्याखाली झाकला जातो. पोंचो घरून न्यावेत. मैदानावरच्या दुकानात ते मिळतात, पण पहिला थेंब पडल्यावर तिथे लागणारी रांग पाहण्यासारखी असते.

त्याशिवाय माणशी एक पंचा घ्यावा. जाड टॉवेल एकदा खुर्ची पुसली की भिजून जड होतो. पंचा पिळला की पुन्हा कामाला तयार होतो, त्याने खुर्ची, चष्मा, डोके सगळे पुसता येते. फोन आणि पाकिटासाठी घट्ट बंद होणाऱ्या झिपलॉक पिशव्या घ्याव्यात. तिकीट फोनमध्ये असते आणि खोळंब्यात प्रत्येक जण रडार पाहून बॅटरी संपवतो, म्हणून पॉवर बँक आवश्यक आहे. मोज्यांचा कोरडा जोड गाडीत ठेवू नये, तो पिशवीत असावा, कारण त्याची गरज गाडीपर्यंत पोहोचण्याच्या बरीच आधी लागते. आपल्यापैकी कोणी स्कोअरकार्ड लिहीत असेल तर शिसपेन्सिल घ्यावी. दमट कागदावर बॉलपेन उठत नाही आणि शाईचे पेन पसरते. पेन्सिलीने ओरखडलेली, तीन स्ट्राइकवर बाद झालेल्या फलंदाजाची ‘के’ ही खूण मात्र कागद वाळल्यानंतरही वाचता येते.

पिशवीचा आकार आणि प्रकार यांचे नियम प्रत्येक मैदानाचे वेगळे आहेत. कुठे पाठीवरची सॅक चालत नाही, कुठे पारदर्शक पिशवीच लागते. हे नियम हंगामागणिक बदलतात, त्यामुळे सहलीआधी प्रत्येक क्लबचे पान उघडून पाहावे. खाद्यपदार्थांबाबत फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोर उदार आहेत, तिथे घरचा डबा नेता येतो. पिट्सबर्गला मात्र पावसात गरम पिरोगी खावेत असे मी सुचवेन. बटाट्याचे सारण भरलेली उकडलेली करंजी अशी त्याची ओळख करून दिली की आजीआजोबांनाही ते परके वाटत नाहीत. शाकाहारी मंडळींनी वर काय घातले आहे ते मात्र विचारून घ्यावे.

कुठे बसावे

उघड्या मैदानातही कोरड्या जागा असतात. खालच्या मजल्यावरील मागच्या रांगांवर वरच्या मजल्याचा सज्जा आलेला असतो, आणि त्या सज्ज्याखालच्या शेवटच्या पाच-सात रांगा सरळ पडणाऱ्या पावसात कोरड्या राहतात. तिकिटाच्या नकाशावर ही रांग ओळखणे सोपे आहे: अक्षर किंवा आकडा जितका पुढचा, तितकी जागा मैदानापासून मागे. उंच उडालेला चेंडू काही क्षण सज्ज्याआड जातो, एवढा एक तोटा सोसावा लागतो. वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस मात्र सज्ज्यालाही जुमानत नाही, म्हणून शक्य तितक्या मागच्या रांगेत बसावे. आऊटफील्डमधील, म्हणजे फलंदाजापासून दूरच्या भागातील, उघड्या जागा आणि पहिल्या वीस रांगा शेवटच्या दिवशी टाळाव्यात.

मोठ्या खोळंब्यानंतर मैदान अर्धे रिकामे होते आणि पुढच्या जागा मोकळ्या दिसतात. तिथे परस्पर जाऊन बसण्याऐवजी जागा दाखवणाऱ्या स्वयंसेवकाला किंवा कर्मचाऱ्याला नम्रपणे विचारावे. अशा रात्री ते बहुधा हसून वाट देतात.

खेळ थांबल्यावर

क्रिकेटची सवय असलेल्या माणसाला पहिले आश्चर्य हे वाटते की रिमझिम पावसात खेळ चालूच राहतो. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा घेऊन फलंदाजाकडे येत नाही, त्यामुळे खेळपट्टी ओली झाल्याने सगळे बिघडण्याचा प्रश्न नसतो. पंच पाहतात ते माउंडवर पिचरचा पाय सरकतो का, चेंडू हातातून निसटतो का, धावपट्टीच्या मातीत पाणी साचते का, आणि वीज जवळ आहे का. वीज दिसली की मात्र रेंगाळू नये. घोषणा होण्याची वाट न पाहता मुलांना घेऊन छताखालच्या मार्गिकेत जावे.

सामना सुरू होण्याआधी पावसाबाबतचा निर्णय यजमान क्लब घेतो. दोन्ही संघांच्या फलंदाजीच्या क्रमाचे कागद पंचांच्या हाती पडले की अधिकार पंचांकडे जातो. त्यांनी खेळ थांबवल्यावर किमान अर्धा तास वाट पाहिल्याखेरीज सामना संपल्याचे जाहीर करता येत नाही. म्हणजे पहिल्या अर्ध्या तासात पार्किंगकडे धावण्याचे काहीही कारण नाही. तो वेळ स्वच्छतागृह आणि गरम खाणे यांसाठी वापरावा, पण आधी दोन मिनिटे थांबून ताडपत्री अंथरताना जरूर पाहावे.

इनफील्ड, म्हणजे मैदानाचा आतला मातीचा भाग, झाकणारी ही ताडपत्री १७० फूट लांब आणि तितकीच रुंद असते आणि एका लांब नळकांड्यावर गुंडाळून कडेला ठेवलेली असते. पंधरा-वीस माणसे ते नळकांडे ढकलत आत आणतात, ताडपत्री उलगडतात, मग कडा पकडून धावत सुटतात. वारा आत शिरला की ती मधेच फुगून उठते आणि कडेचा माणूस गुडघ्यांवर पडून स्वतःच्या वजनाने ती दाबून धरतो. वाळूच्या पिशव्या कडेला पडेपर्यंत प्रेक्षक टाळ्या वाजवत राहतात. हे यंत्राने का करत नाहीत असा प्रश्न मुले विचारतात. सेंट लुईसला १९८५च्या ऑक्टोबरमध्ये स्वयंचलित ताडपत्रीने विन्स कोलमन या वेगवान खेळाडूचा पाय खाली घेतला आणि त्याला वर्ल्ड सिरीजसह (विजेतेपदाच्या अंतिम मालिकेसह) त्या हंगामाच्या उरलेल्या सामन्यांना मुकावे लागले. हे ऐकल्यावर मुलांचा पुढचा प्रश्न येत नाही.

पुन्हा खेळ सुरू होण्याची चिन्हे ठरावीक क्रमाने दिसतात. आधी कर्मचारी कडेला जमतात आणि वाळूच्या पिशव्या उचलतात. मग ताडपत्री घडी घालत आऊटफील्डकडे ओढली जाते आणि तिच्यावर साचलेले पाणी हिरवळीवर ओतले जाते. त्यानंतर ओल्या मातीवर पाणी शोषणारी भाजलेल्या चिकणमातीची भुकटी टाकून दाताळ्याने ती सारखी करतात, पांढऱ्या रेषा पुन्हा आखतात आणि पिचर हात मोकळे करू लागतात. ताडपत्री निघाल्यापासून पहिला चेंडू पडेपर्यंत साधारण अर्धा ते पाऊण तास जातो, म्हणून झोपलेल्या मुलाला ताडपत्री हलताच उठवू नये, रेषा आखायला लागल्यावर उठवावे. तास-दीड तासांचा खोळंबा झाला असेल तर सुरुवातीचा पिचर बहुधा परत येत नाही, कारण गार पडलेल्या हाताने पुन्हा जोर लावण्यात दुखापतीचा धोका असतो. आपण ज्या पिचरसाठी तिकीट काढले होते तो गेला, हे अशा वेळी मान्य करावे लागते.

खोळंब्याने सामन्याचा रंग कसा पालटतो याचे सर्वांत मोठे उदाहरण २०१६च्या वर्ल्ड सिरीजचे आहे. क्लीव्हलंडमध्ये सातव्या सामन्यात नऊ इनिंगनंतर ६-६ अशी बरोबरी असताना १७ मिनिटे पाऊस आला. शिकागो कब्जचे खेळाडू व्यायामाच्या खोलीत एकत्र जमले, बोलले, परत आले आणि दहाव्या इनिंगमध्ये ८-७ असे जिंकले. १९०८ नंतरचे त्यांचे ते पहिले विजेतेपद होते.

सामना पूर्ण झाला असे कधी मानतात

डकवर्थ-लुईस-स्टर्नसारखा हिशेब बेसबॉलमध्ये नाही. लक्ष्य बदलत नाही, इनिंग कमी होत नाहीत. पाच इनिंग झाल्या, किंवा यजमान संघ पुढे असताना साडेचार झाल्या, की सामना नियमानुसार ग्राह्य होतो. त्यानंतर पावसाने तो थांबला तर तेव्हाचा निकाल बहुधा कायम होतो आणि आपले तिकीट वापरले गेले असे समजतात. बरोबरी असेल, किंवा पाहुण्या संघाने त्याच अपुऱ्या इनिंगमध्ये आघाडी घेतली असेल आणि यजमानांची पाळी बाकी असेल, तर सामना ‘स्थगित’ राहतो आणि पुढे कधीतरी तिथूनच सुरू होतो. पाच इनिंगच्या आत थांबलेला सामनाही आता थांबला तिथूनच पुढे खेळवला जातो.

२००८च्या वर्ल्ड सिरीजमध्ये फिलाडेल्फियाला हेच घडले. पाचवा सामना २७ ऑक्टोबरला सहाव्या इनिंगच्या मध्यावर २-२ असा थांबला आणि २९ तारखेला पूर्ण झाला. याहून विलक्षण प्रकार बोस्टनचा आहे. २६ जून २०२४ रोजी फेनवेवर टोरांटोचा डॅनी जॅन्सन फलंदाजी करत असताना दुसऱ्या इनिंगमध्ये पावसाने सामना स्थगित झाला. जुलैअखेर त्याची बदली बोस्टनकडे झाली. २६ ऑगस्टला सामना पुढे सुरू झाला तेव्हा त्याच्या जागी टोरांटोचा दुसरा फलंदाज उभा होता आणि मागे चेंडू झेलायला बोस्टनच्या पोशाखात स्वतः जॅन्सन बसला होता. एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळलेला तो मेजर लीगमधला पहिला खेळाडू. जूनच्या त्या रात्री भिजून घरी गेलेल्या प्रेक्षकांना आपण काय पाहिले हे दोन महिन्यांनी कळले.

निघायचे कधी

यासाठी घरून निघतानाच एक वेळ ठरवून ठेवावी आणि ती सर्वांना सांगावी. पिट्सबर्गचा संध्याकाळचा सामना ६:४० च्या सुमारास सुरू होतो. २०२३ मध्ये पिचरने ठरावीक वेळात चेंडू टाकावा म्हणून घड्याळ लागू झाल्यापासून सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास संपतो, म्हणजे पाऊस नसेल तर साडेनऊला आपण मोकळे होतो. दीड तासाचा खोळंबा धरला तर अकरा वाजतात. रात्री मैदानाजवळच मुक्काम असेल तर अकरा ही वेळ सोसवते. त्याच रात्री टर्नपाइकने, म्हणजे टोलच्या महामार्गाने, पूर्वेकडे निघायचे असेल तर सोसवत नाही, आणि ओल्या डोंगराळ रस्त्यावर मध्यरात्री दमलेल्या अवस्थेत गाडी चालवणे हा सरळसरळ अविचार आहे. म्हणून शेवटच्या सामन्याच्या रात्रीचे हॉटेल त्याच शहरात, शक्यतो नदीपलीकडच्या मध्यवर्ती भागात घ्यावे. सामन्याच्या दिवशी क्लेमेंटे पूल वाहनांसाठी बंद असतो आणि तो चालत ओलांडता येतो. पाऊस जोरात असेल तर नॉर्थ साइड स्थानकावरून मध्यवर्ती भागापर्यंतची लाइट रेल मोफत आहे. गाडी हॉटेलवरच सोडली की पार्किंगमधून बाहेर पडण्याचा ओला तासभर वाचतो.

ठरवलेल्या वेळेआधी निघण्यासाठी दोनच कारणे मी ग्राह्य धरतो. रडारवर झड असून पश्चिमेकडे तिची कड दिसत नाही, हे एक. मुलांचे कपडे आतपर्यंत भिजून ती थंडीने कुडकुडू लागली, हे दुसरे. आजूबाजूचे लोक निघाले म्हणून आपण निघणे हे कारण धरू नये, कारण त्यांची घरे वीस मिनिटांवर असतात.

हॉटेलवर पोहोचल्यावर पोंचो न्हाणीघरात टांगावेत, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि स्कोअरकार्ड दोन कोरड्या पंच्यांमध्ये घालून त्यावर सुटकेस ठेवावी. सकाळपर्यंत कागद सपाट होतो, जरा नागमोडी राहतो एवढेच. सामना पुढे ढकलला गेला असेल तर झोपण्यापूर्वी क्लबची घोषणा पुन्हा एकदा पाहून ठेवावी. दुसऱ्या दिवशी दुपारचा सामना ठरला असेल तर हॉटेलची खोली उशिरापर्यंत मागण्याची वेळ रात्रीचीच असते. सकाळी भिजलेली सगळीच मंडळी तेच मागत काउंटरपुढे उभी असतात.